एक वर्ग, अनेक पातळ्या: एकत्र पाठ, विषयगट की फिरती टेबलं?

बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत नव्याने रुजू झालात की हातात येणारा वर्ग साधारण असा असतो: नऊ ते चौदा वयाची दहा-बारा मुलं. एक जण दोन अंकी बेरीज करतो, दोघी स्वतःचं नाव लिहितात, एकाला रंगही नीट ओळखता येत नाहीत, एक मूल बोलत नाही पण चित्र दाखवून हवं ते मागतं. भिंतीवरच्या वेळापत्रकात मात्र भाषा, गणित, परिसर ओळीने मांडलेले. तास चालवायच्या तीन पद्धती प्रचारात आहेत. तिन्हींची प्रशिक्षणात तारीफ होते, पण कोणतीही एक सगळ्या विषयांना पुरत नाही.

पहिली पद्धत एकत्र पाठाची: विषय सगळ्यांना एकच, काम ज्याच्या त्याच्या पातळीचं. समजा आठवडाभर ‘बाजार’ घेतला. वर्गातच दुकान मांडायचं. न बोलणारं मूल कांद्याच्या चित्रावर बोट ठेवतं, दुसरं यादीतला ‘कांदा’ वाचतं, तिसरं ‘अर्धा किलो द्या’ म्हणतं. तिघंही गिऱ्हाइकांच्या एकाच रांगेत. कमी येणारी मुलं पुढच्याचं बघून शब्द उचलतात, हा फायदा वेगळ्या खोलीत बसवून मिळत नाही. भाषा आणि परिसरासाठी मी डोळे झाकून हीच पद्धत सुचवेन. तोटा म्हणजे एका पाठाची तीन-तीन कामं आदल्या दिवशी करून ठेवावी लागतात, आणि वही कोरी राहते. मग ‘आज काय लिहिलं?’ असं आई विचारणारच. तिला आठवड्याचा तक्ता दाखवा: काय स्वतः केलं, काय सांगितल्यावर, काय हात धरून.

गणितात मात्र हेच दुकान फसवतं. दहाच्या नोटेची दहाच्या नोटेशी जोडी लावणं, ३५ रुपये मोजून देणं, शंभराची नोट देऊन उरलेले परत मागणं या एकावर एक रचलेल्या पायऱ्या आहेत. ज्याला पाच वस्तू एकेक करून मोजता येत नाहीत, तो शेजारचा सांगेल ती नोट पुढे करतो. खेळ रंगतो, सगळे टाळ्या वाजवतात, गणित जिथल्या तिथे.

म्हणून गणित आणि वाचनाला दुसरी पद्धत, विषयगटांची: शाळेतल्या सगळ्या वर्गांचा तो तास एकाच वेळी ठेवायचा आणि मुलांनी आपापल्या पातळीच्या शिक्षकाकडे जायचं. सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची कार्यात्मक मूल्यमापन सूची, म्हणजे मुलाला रोजच्या जगण्यातलं काय काय जमतं याची यादी, अनेक शाळांत वापरली जाते. तीत ८० टक्के कौशल्यं जमली की मूल वरच्या गटात जातं. पण तो गट एकूण प्रगतीचा असतो. पैसे चोख मोजणाऱ्या मुलाला शर्टाची बटणं लावता येत नसतील, म्हणून गणिताचे गट गणितावरच पाडा. या पद्धतीत खरी अडचण वयाची येते. मिसरूड फुटलेल्या मुलाला सात वर्षांच्या पोरांमध्ये बसवून फुगे मोजायला लावलं तर तो दोन दिवसांत टेबल उलथवतो, आणि अहवालात ‘वर्तन समस्या’ लिहिली जाते. तीच पाचापर्यंतची मोजणी त्याला स्क्रू आणि वायसर देऊन करून घेता येते. खोली बदलली की बिथरणाऱ्या स्वमग्न मुलासाठी आधी दोन-तीन दिवस नुसतं जाऊन येणं ठेवा. आणि हो, मुख्याध्यापक तयार नसतील तर ही पद्धत कागदावरच राहते.

तिसरी पद्धत फिरत्या टेबलांची. तीन टेबलांवर तीन कामं, आणि दर पंधरा मिनिटांनी मुलांच्या गटांनी टेबल बदलायचं. दिसायला सर्वांत देखणी, आणि पाहुणे यायचे असले की हमखास मांडली जाते. तिची अट एकच: येत असलेलं काम शिक्षकाशिवाय दहा मिनिटं करणारी मुलं वर्गात निम्मी तरी हवीत. नसतील तर आधी तीच सवय लावा. त्यासाठी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात स्वमग्न मुलांसाठी रुजलेली टीच पद्धत उपयोगी पडते: कामाचे ट्रे डावीकडे, संपलेलं काम उजवीकडच्या टोपलीत. काय करायचं, किती करायचं, कधी संपलं आणि पुढे काय, हे मुलाला न विचारता समजतं. टेबलं सुरू झाली की नवीन शिकवणं फक्त तुमच्या टेबलावर, बाकी दोन्हीकडे निव्वळ सराव. मदतनीस ताईंच्या टेबलावर नवा धडा ठेवला की त्या मुलाचा हात धरून काम पुरं करून टाकतात. दोष त्यांचा नाही, त्यांना तसं कोणी सांगितलेलंच नसतं.

स्वावलंबनाला यांपैकी काहीच नको. डब्याचं झाकण उघडायला डब्याच्या सुट्टीतच शिकवायचं.

वर्गात तुम्ही एकटेच असाल तर सकाळी एकत्र पाठ, गणिताला विषयगट, आणि टेबलांचा नाद पहिल्या सत्रात सोडून द्या. जोडीला कायमची मदतनीस असेल तर दिवाळीनंतर दोन टेबलांनी सुरुवात करा, तिसरं नंतर बघू. ती रजेवर असेल त्या दिवशी टेबलं न मांडता सरळ दुकान मांडा. मुलाला शौचालयात न्यायची वेळ आली तर शेजारच्या वर्गातल्या बाईंना दार उघडं ठेवून लक्ष द्यायला सांगा, हे मात्र सकाळीच बोलून घ्या.