‘आय वॉज ग्लॅड’ की ‘रिजॉइस इन द लँब’? उत्सवी उपासनेसाठी रचना निवडताना

चर्चच्या वर्धापनदिनासाठी गायनवृंद आणि ऑर्गन यांची एखादी इंग्रजी रचना निवडायची असेल, तर ह्यूबर्ट पॅरी यांची ‘आय वॉज ग्लॅड’ आणि बेंजामिन ब्रिटन यांची ‘रिजॉइस इन द लँब’ या दोन्ही रचना समोर ठेवून विचार करावा, कारण दोन्ही उत्सवी असल्या तरी त्यांतला आनंद एका जातीचा नाही.

पॅरी यांची रचना 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी झाली आणि तिची आजची प्रस्तावना 1911 च्या राज्याभिषेकाच्या वेळची आहे. परमेश्वराच्या घरी जाण्याचा हर्ष सांगणारे 122 वे स्तोत्र तिच्यात आहे, आणि मिरवणूक आत येत असताना ते गायचे असल्यामुळे पहिल्या स्वरापासूनच भव्यता लागते. मध्ये यरुशलेमेच्या शांतीसाठी केलेली प्रार्थना मात्र अगदी हळुवार आहे. माझ्या मते गायनवृंदाचा खरा कस तिथेच लागतो. राजाचा जयघोष असलेला भाग राज्याभिषेकाखेरीज गाळतात, त्यामुळे इतरत्र ही रचना पाच-सहा मिनिटांत संपते. अडचण संख्याबळाची आहे. आवाज काही ठिकाणी आठ भागांत विभागले जातात, आणि मूळच्या वाद्यवृंदाचा भार एकट्या ऑर्गनवर पडतो. पाइप ऑर्गनऐवजी छोटा कीबोर्ड असलेल्या चर्चने हा मोह टाळावा.

ब्रिटन यांची रचना नॉर्दॅम्प्टनच्या सेंट मॅथ्यूज चर्चला 50 वर्षे झाली तेव्हा, 1943 मध्ये, वॉल्टर हसी या धर्मगुरूंनी लिहवून घेतली. शब्द अठराव्या शतकातील कवी ख्रिस्टोफर स्मार्ट यांचे असून ते त्यांनी वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेले असताना लिहिले. त्यांची मांजर जेफ्री, धीट उंदीर, फुले, अक्षरे आणि वाद्ये अशी सारी सृष्टी आपापल्या परीने देवाची स्तुती करते. आणि याच स्तुतीच्या मधोमध, लोकांनी वेडा ठरवलेल्या माणसाची वेदना गायनवृंद उच्चारतो. त्यामुळे पुढे येणारा आनंद कमावलेला वाटतो, आणि शेवटचा ‘हालेलुया’ गर्जना न करता शांतपणे विरतो. सुमारे सतरा मिनिटांच्या या रचनेत आवाजांचे चारच भाग सांभाळायचे असले तरी सुरुवातीनंतरचा विषम मात्रांचा, सतत बदलणारा ताल पाठ व्हायला वेळ लागतो. शिवाय चार एकल गायक हवेत, आणि मांजरीचे गीत एखाद्या मुलाच्या कोवळ्या आवाजातच शोभते.

वेळ कमी असेल, तर ब्रिटन यांचीच 1944 ची ‘फेस्टिव्हल ते देउम’ (‘ते देउम’ म्हणजे देवाच्या स्तुतीचे एक प्राचीन गीत) पाहावी. ती सात मिनिटांच्या आत आटोपते.

उपासनेच्या आरंभी मिरवणूक असेल आणि प्रत्येक भागात पुरेसे गायक असतील, तर मी निःसंकोचपणे पॅरी यांची रचना सुचवेन. गायक मोजके पण स्वरलिपी वाचण्यात तयार असतील आणि मंडळी बसून शब्द ऐकणार असतील, तर ब्रिटन यांची रचना घ्यावी, आणि स्मार्ट यांच्या ओळींचा मराठी अर्थ उपासनापत्रिकेत आधीच छापून द्यावा.