कॅलेंडरमध्ये पत्ता सापडेना: गुगल कॅलेंडर, आयफोनवालं की साधं ओपन सोर्स?

सोलापुरात ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या दारात जातो, म्हणजे एसी-आरओ दुरुस्तीवाले, फोटोग्राफर, मंडपवाले, विमा एजंट, त्यांची एक तक्रार ठरलेली. अपॉइंटमेंट टाकली, लोकेशनच्या रकान्यात पत्ता टाईप केला, तर खाली एकतर काहीच येत नाही नाहीतर भलतंच गाव येतं. मग ॲप बदलू का म्हणून विचारतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, निव्वळ सर्चसाठी ॲप बदलू नका, पण तुमचं काम कसलं आहे आणि समोरच्याकडं फोन कुठला आहे त्यावरून मात्र फरक पडतो.

‘नवी पेठ’ टाकून बघा. नवी पेठ पुण्यातही आहे, बुधवार पेठ आणि शुक्रवार पेठ पण दोन्हीकडं आहेत, त्यामुळं तुम्ही सोलापुरात बसलाय हे ॲपला कळत नसेल तर पुण्याचं नाव वर आलं तर नवल नाही. फोनचं लोकेशन बंद असलं की ॲप इंटरनेटच्या कनेक्शनवरून गाव ताडतं, आणि मोबाईल डेटावर तो अंदाज कैकदा दुसऱ्याच शहराचा निघतो, व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्याच ठिकाणावरून फिरवून आणणारं ॲप) चालू असेल तर विचारूच नका. म्हणून आधी फोनचं जीपीएस चालू आहे का बघा, मग ॲपच्या परमिशनच्या यादीत लोकेशन असेल तर तिथं ‘प्रिसाइज’ म्हणजे नेमकं लोकेशन चालू आहे का तेही बघा, कारण आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून नुसतं ‘अंदाजे लोकेशन’ देण्याची सोय आलीय आणि घाईत तेच दाबलं जातं. आणि हे काहीच करायचं नसेल तर पुढं ‘सोलापूर’ लिहा, बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं.

आता गुगल कॅलेंडर. याची यादी गुगल मॅप्सवरून येते, आणि आपल्याकडं लहान दुकानदारसुद्धा स्वतःच फुकटात गुगलवर नाव टाकून बसलेला असतो, त्यामुळं कार्यालय, दवाखाना, हॉटेल, कन्ना चौकातलं कापड दुकान असलं काही शोधायचं असेल तर हेच बरं. स्पेलिंगचा घोळ मात्र राहतोच. विजापूर रोड कुणी बिजापूर लिहितं, शिवाय कर्नाटकात २०१४ ला शहराचंच नाव विजयपूर झालं, म्हणून एका स्पेलिंगनं नाही आलं तर दुसऱ्यानं बघायचं. अडतं कुठं, तर घरांपाशी. ‘सैफुलच्या पुढं, टाकीजवळ, लाल गेट’ हा पत्ता जगातलं कुठलंच सर्च शोधून देणार नाही, आणि जुळे सोलापूरच्या सोसायट्या किंवा विडी घरकुलची एकसारखी घरं, तिथं नावावर शोधण्यात अर्थच नाही.

आयफोनचं स्वतःचं कॅलेंडर ॲपलच्या नकाशावर शोधतं. मोठ्या जागा, रस्ते, चौक मिळतात, पण गल्लीतल्या दुकानांसाठी माझा भर तरी गुगलवरच. सजेशनच येत नसतील तर कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन सजेशन्स’ बंद आहे का ते बघा, ते बटण असतं हेच लोकांना माहिती नसतं. याची एक गोष्ट मला आवडते, यादीतून जागा निवडली की ट्रॅफिक बघून ‘आता निघा’ असं सांगतं, पण नुसतं हातानं टाईप करून सोडलं तर त्या अक्षरांना नकाशावर जागाच नसते, मग अलर्ट कशाचा येणार.

तिसरं म्हणजे अँड्रॉइडवरची एटार, फॉसिफायसारखी ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशी कॅलेंडरं. यांच्यात लोकेशनचा रकाना म्हणजे साधी पाटी, तुम्ही लिहाल ते तसंच राहतं, नकाशावरची सजेशन विसरा, उघडताना मॅपच्या ॲपकडं मजकूर सोपवला जातो एवढंच. ज्यांना आपण कुठं जातो याची नोंद कंपन्यांकडं नको वाटते त्यांना चांगलं, दिवसाला पाच घरं फिरणाऱ्याला मी सुचवणार नाही.

खरी गंमत निमंत्रण पाठवताना होते. कॅलेंडरची देवाणघेवाण ज्या नियमांवर चालते (आरएफसी ५५४५, साल २००९) त्यात लोकेशन म्हणजे मुळात साधा मजकूर आहे, आयफोन आपली पिन, म्हणजे नकाशावरची नेमकी खूण, स्वतःच्या वेगळ्या ओळीत जोडतो, पण समोर अँड्रॉइड असेल तर तिकडं ती ओळ वाचली जाईल याची खात्री नाही, हातात उरतो तो मजकूर. तुम्ही अगदी नेमकी जागा निवडून पाठवलेली असते आणि तिकडून फोन येतो, ‘कुठं यायचं बे नक्की?’

म्हणून घरांसाठी मी नावाच्या भानगडीत पडतच नाही. गुगल मॅप्सवर त्या छपरावर बोट दाबून धरायचं, पिन पडते, तिथं अक्षांश-रेखांश दिसतात, आपल्याकडं ते १७.६ आणि ७५.९ च्या आसपास सुरू होतात, ते कॉपी करून रकान्यात टाकायचे. दशांशानंतर चार आकडे असले तरी साधारण अकरा मीटरच्या आत पोचता, पाच असले तर मीटरभरात. टाईप करत असाल तर इंग्रजी आकडेच वापरा. हे गुगललाही कळतं, ॲपललाही. प्लस कोड, म्हणजे गुगल मॅप्स त्या जागेला देतं तो अक्षर-आकड्यांचा छोटा कोड, पण चांगला आहे, फोनवर सांगायला सोपा, फक्त छोट्या कोडच्या पुढं ‘सोलापूर’ लिहावंच लागतं आणि समोरच्याकडं गुगल मॅप्स असलेलं बरं.

तेव्हा अँड्रॉइडवर असाल आणि गिऱ्हाईक दुकानं-ऑफिसं असतील तर गुगल कॅलेंडर, डोळे झाकून. घरातले सगळे आयफोनवाले असतील तर त्याचंच ठेवा, निघायचा अलर्ट कामाला येतो. फोन मिश्र असतील तर ॲप कुठलंही चालेल, रकान्यात आकडे टाका आणि खुणा, लाल गेट, टाकी, कुत्रं आहे वगैरे, खाली नोट्समध्ये लिहा, कारण आकड्यांच्या मागं मराठी वाक्य चिकटवलं की सर्च परत गोंधळतं.