दिल्लीची गाडी, चार बोटांची फट आणि माझे ३ लाख ३८ हजार

आधीच सांगतो, मी दूधखुळा नाही. बावीस वर्षं ऑडिट करतोय. पतसंस्थेच्या वहीत सात रुपयांचा फरक आला तरी व्हाउचर काढायला लावणारा माणूस आहे मी. आणि हाच माणूस १७ नोव्हेंबर २०२४ला, रविवारी, पुण्याबाहेर हायवेला लागून असलेल्या एका यार्डात ९ लाख ८५ हजार मोजून दहा वर्षं जुनी जर्मन सेदान घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी दारात डावा गुडघा मोडलेल्या म्हशीसारखी बसलेली होती.

यार्डाचं नाव लिहीत नाही. प्रकरण चालू आहे, वकिलांनी तोंड आवरायला सांगितलंय. गाडीच्या कंपनीचंही नाव घेत नाही, कारण तिचा काही दोष नाही. एअर सस्पेन्शनचं, म्हणजे स्प्रिंगऐवजी गाडी तोलून धरणाऱ्या हवेच्या फुग्यांचं, रबर दहा वर्षांनी चिरतंच, मर्सिडीज असो की ऑडी. चिरलेलं रबर लपवून माझ्या गळ्यात मारलं, त्यानं माझं डोकं फिरलंय.

गाडी मूळची दिल्लीची. आता तुम्ही म्हणाल, दिल्लीचं नाव ऐकूनच पळायला हवं होतं. तिथला नियम मलाही माहीत होता. हरित लवादानं २०१५मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली, आणि तेव्हापासून तिकडच्या चांगल्या चांगल्या डिझेल गाड्या एनओसी घेऊन आपल्याकडे उतरू लागल्या. मला वाटलं, मालकानं नाइलाजानं विकलीय, म्हणजे गाडी ठणठणीत असणार. उलटा विचार डोक्यातच आला नाही. ज्या गाडीला दोन वर्षांत हद्दपार व्हायचंय, तिच्या बुशांवर (सांध्यांतल्या रबरांवर) आणि फुग्यांवर कुठला शहाणा पैसे घालेल? शेवटची दोन-तीन वर्षं ती फक्त पळवलेली असते. इकडे येताना आतून पॉलिश, बाहेरून पॉलिश, आणि एमएच पासिंग आधीच करून ठेवलेलं, म्हणजे गिऱ्हाईक निर्धास्त.

आम्हाला अकराची वेळ दिली होती. कात्रजला आलो तेव्हा मीच फोन करून सांगितलं, अर्ध्या तासात पोचतो. माझ्याच हातानं केलेला मूर्खपणा. पोचलो तर गाडी चालू, एसी गार, बॉनेट गरम. "साहेब, तुमच्यासाठी थंड करून ठेवलीय." मी खूश. चालू गाडीचा बसका फुगा दिसत नाही, हे नंतर कळलं. न कळवता जा, आधी बॉनेटवर हात ठेवा, आणि गरम लागलं तर चहा न पिता परत फिरा.

टेस्ट ड्राइव्हला यार्डवाल्या शेठचा पोरगा बाजूला बसला. पहिल्या स्पीडब्रेकरला पुढून टक्क असा आवाज आला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "लिंक रॉड असेल सर, हजार-दोन हजाराचं काम, आपण करून देऊ." आणि गाण्याचा आवाज वाढवला. पुढचे सगळे स्पीडब्रेकर मी लतादीदींच्या आवाजात पार केले.

मग ऑफिसात बसलो. भाव, चहा, पुन्हा भाव. तेवढ्यात शेठनं एक छापील कागद पुढे सरकवला. स्कॅनर लावून काढलेला रिपोर्ट. सगळ्या रकान्यांत शून्य दोष. मी तो दोनदा वाचला आणि समाधानानं घडी घालून खिशात ठेवला. मी! ज्या कॅशबुकात एकही खाडाखोड नाही, ते काल रात्री एका बैठकीत लिहिलेलं असतं, हे मी माझ्या आर्टिकल्सना, म्हणजे शिकाऊ पोरांना, पहिल्या आठवड्यात शिकवतो. दहा वर्षांच्या गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा एकही जुना कोड नसेल, तर तो कोणीतरी पुसलेला असतो. ही पुसापुशी पाच मिनिटांत होते.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री उठून बसतो.

सह्या करायच्या तर चष्मा गाडीत राहिला होता. आणायला मी एकटाच बाहेर गेलो. गाडी बंद करून चाळीसएक मिनिटं झाली असतील. ड्रायव्हरच्या बाजूनं गेलो, चष्मा घेतला आणि पुढून वळसा घालून येताना नजर डाव्या चाकावर गेली. उजव्या चाकावर, टायर आणि मडगार्डच्या मध्ये, माझी चार बोटं आडवी आरामात गेली असती. डावीकडे टायरचा माथा मडगार्डच्या आत गेलेला होता. एक बोटही शिरलं नसतं. मी थांबलो. खाली वाकलो. कुठेतरी अगदी बारीक, सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा, स्स आवाज येत होता. मला तो ऐकू आला, हे मी शपथेवर सांगतो. ग्राहक आयोगातही सांगणार आहे.

तेवढ्यात पोरगा धावत आला. "काय झालं सर?" म्हटलं, ही बाजू बसल्यासारखी वाटते. तो हसला. "स्टिअरिंग वळवून ठेवलंय ना सर, म्हणून तसं दिसतं. आणि जमीन पण उतरती आहे इथं." त्यानं दार उघडून गाडी चालू केली. मागून घर्रर्र आवाज झाला आणि पंधरा-वीस सेकंदांत गाडीनं डावा खांदा हळूहळू वर उचलला. पोरगा म्हणाला, "बघा, हीच तर लक्झरी."

आणि मला ते पटलं. लिहितानाही कान तापतात. गाडी माझ्यासमोर आजारी पडून माझ्यासमोर उठली, आणि मी त्याला लक्झरी समजलो. हिनं नंतर एकच प्रश्न विचारला, "अहो, उतार असता तर उजवी बाजू पण बसली नसती का?" त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

माझ्या बाजूनंही थोडं ऐका. आदल्या दिवशी २५ हजार टोकन दिलेलं होतं. मेव्हणा दीडशे किलोमीटरवरून सोबत आलेला. घरी मुलीनं बोनेटवर लावायला हार आणून ठेवलेला. अशा वेळी माणूस डोळे उघडे ठेवून आंधळा होतो. त्यांना हे बरोबर माहीत असतं, म्हणून तर टोकन आदल्या दिवशी घेतात.

पैशाचं सांगतो. टोकनचे २५ हजार यूपीआयनं पोराच्या खात्यात. ७ लाख ७० हजार आरटीजीएसनं, पण आरसीवर ज्याचं नाव होतं त्या तिऱ्हाइताच्या खात्यात; त्याला मी जन्मात पाहिलेलं नाही. आणि १ लाख ९० हजार रोख, शेठच्या हातात. "दोन लाखांच्या आत आहे साहेब, तुम्हाला तर कायदा माहीतच." हो, माहीत होता. आयकराचं तेव्हाचं २६९एसटी, मोठी रोख घ्यायला मनाई करणारं कलम, मीच लोकांना समजावून सांगायचो. कलमात बसतंय म्हणून रोख दिली, पावती मागितली नाही. परिणाम असा, की माझ्याकडच्या एकाही कागदावर यार्डाचं नाव नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३०वर विकणारा तो तिऱ्हाईत, घेणारा मी. शेठ मधल्यामध्ये गायब. पैसे ज्याला देता त्याचं नाव कागदावर नसेल, तर देऊच नका. एवढं एक पाळलं असतं तरी बाकीचं निस्तरता आलं असतं.

सोमवारी सकाळी गाडी बसलेली. चालू केली, पण ना घर्रर्र झालं, ना ती उठली. डॅशबोर्डवर लाल अक्षरं, गाडी फार खाली आहे, थांबा. ओढून नेता येत नाही, कारण टायर मडगार्डला घासतो. सपाट ट्रकवर चढवून न्यावी लागली. १४,५००.

आमचे मेस्त्री बोलत कमी. त्यांनी डाव्या स्ट्रटवरचं (चाकामागच्या सस्पेन्शनच्या खांबावरचं) धुळीचं कव्हर खाली ओढलं आणि मला टॉर्च धरायला सांगितलं. आत रबराचा फुगा. खालच्या बाजूला, जिथं त्याची घडी सारखी वर-खाली होते, तिथं एक पट्टा बाकी रबरापेक्षा जास्त काळा आणि चकचकीत. मेस्त्रींनी नखानं खरवडलं. पापुद्रा निघाला. पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन! त्याखाली झाडाच्या सालीसारख्या भेगा. साबणाचं पाणी मारलं तर भेगेतून बुडबुड्यांची माळ लागली.

पुढचं सगळं एकातून एक. फुगा गळतो म्हणून कंप्रेसर दिवसभर हवा भरत राहतो. त्याला सतत चालायची सवय नाही, तो तापतो, रिले चिकटतो, मग मोटर जळते. माझी त्या रात्री, हार घातलेल्या गाडीत, जळली. फुग्यांना हवा वाटून देणारा व्हॉल्व्ह ब्लॉकही गळत होता. आणि स्पीडब्रेकरचा तो टक्क आवाज? चाक धरून ठेवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोअर आर्मचे बुश फाटून लोंबत होते, एक बॉल जॉइंट हातानं हलत होता. पुढचे टायर बाहेरून नवे दिसत होते. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड पाहिली तर तारा दिसत होत्या. ही आतली कड पाहायला पैसे लागत नाहीत, वाकावं लागतं फक्त.

पुढचे दोन स्ट्रट, बाहेरच्या कंपनीचे, १,३६,०००. कंप्रेसर आणि रिले ४८,५००. व्हॉल्व्ह ब्लॉक १९,८००. आर्म, बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड ५७,२००. पुढचे दोन टायर ३४,६००. मजुरी, अलाइनमेंट, स्कॅनिंग २७,४००. ट्रक धरून ३,३८,०००. गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त, पहिल्याच महिन्यात. काही जण फुगे काढून साध्या स्प्रिंगा टाका म्हणतात. स्वस्त पडतं. मला मेस्त्रींनी नको म्हटलं. कंट्रोल युनिटची समजूत नीट घातली नाही तर ते कायम बोंबलत राहतं आणि गाडीची चाल बदलते.

शेठला फोन केला. आधी "बघतो साहेब", मग "वॉरंटी इंजिन-गिअरबॉक्सची आहे, सस्पेन्शनची नाही", मग "आम्ही फक्त ओळख करून दिली". चौथा फोन उचललाच नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. ड्यूटीवरच्या साहेबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "गाडी चालते का?" म्हटलं, दुरुस्त केल्यावर चालते. "मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे." मी कलम काढलं. चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, हेही सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही शिकलेले दिसता, तरी फसलात?" दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पण पोच नाही. पोचेसाठी चौथी फेरी. पाचव्या फेरीला अर्ज दुसऱ्या टेबलावर गेलेला, आणि त्या टेबलाचा माणूस रजेवर. सहाव्या फेरीला कळलं, समोरच्याला बोलावून जबाब घेतलाय, तो म्हणतो व्यवहाराशी माझा संबंध नाही. झालं. अर्ज निकाली. आणि सोल्युशनचा तो पापुद्रा मी डबीत भरून नेला होता, तो कोणी उघडूनसुद्धा पाहिला नाही!

आरटीओत वेगळीच तऱ्हा. डिसेंबर २०२२मध्ये केंद्रानं नियम काढला, १ एप्रिल २०२३पासून लागू. जुन्या गाड्यांच्या डीलरला अधिकारपत्र घ्यायला हवं, आणि मालकानं गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सीनं कळवायला हवं. मी खिडकीवर विचारलं, या यार्डाकडे असं अधिकारपत्र आहे का? खिडकीतल्या माणसानं शेजारच्याला विचारलं. शेजारच्यानं मला विचारलं, "कुठला फॉर्म म्हणालात?" मी नियमाची प्रत दिली. ती त्यांनी वाचली, मला परत दिली आणि म्हणाले, "गाडी तुमच्या नावावर झालीय ना? मग आमचं काम संपलं." माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं, अर्ज संबंधित कार्यालयाकडे वर्ग केला आहे. संबंधित कार्यालय म्हणजे कुठलं, ते लिहिलेलं नाही. म्हणजे नियम दिल्लीत छापायचा, यार्ड इथं चालवायचं, आणि दोघांची गाठ घालायला ऑडिटरनं रजा टाकायची.

ग्राहक आयोगात फेब्रुवारी २०२५मध्ये तक्रार दाखल केली. मोबदला पाच ते दहा लाखांत, म्हणून शुल्क २०० रुपये. साऱ्या प्रकरणात एवढीच स्वस्त गोष्ट. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, वस्तूची तपासणी लागली तर पाच. पहिली तारीख नोटीस निघाली नाही म्हणून गेली. दुसरी, नोटीस "पत्त्यावर इसम सापडला नाही" म्हणून परत आली म्हणून. त्या पत्त्यावर साठ गाड्या आणि तीस फुटांचा बोर्ड आहे. तिसऱ्या तारखेला त्यांचे वकील आले आणि त्यांनी मुदत मागितली. तुम्हाला जायचंच असेल तर दोन वर्षांच्या आत जा, आणि जुना स्ट्रट, जुने बुश भंगारात देऊ नका. माझे जुने बुश मेस्त्रींच्या पोरानं विकून टाकले, आता वकील रोज त्यावरून बोलतात.

गाडी घेण्याआधी एक रात्र ती सपाट जागेवर बंद उभी ठेवायला सांगा. चारी चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजा, सकाळी परत मोजा. यार्डवाला नाही म्हणाला, तर त्याचं उत्तर तुम्हाला मिळालं.

मी आता टेप नाही वापरत, बोटं पुरतात. मागचे दोन्ही फुगे अजून दिल्लीचेच आहेत. परवापर्यंत मागच्या उजव्या चाकावर चार बोटं जात होती. आज सकाळी तीन गेली, चौथं अडकलं. हिला अजून सांगितलेलं नाही.