रुग्णालयातील नोकरीची ‘हमी’ देणारा अभ्यासक्रम

रुग्णालयातील प्रशासकीय साहाय्यकाच्या कामाचे प्रशिक्षण देऊन नोकरीही लावून देण्याची हमी देणाऱ्या एका संस्थेने आमच्या संपूर्ण तुकडीची फसवणूक केली. अशी फसवणूक कशी रचली जाते, हे प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांना आधीच कळावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

समुपदेशक म्हणून समोर बसवलेली व्यक्ती प्रत्यक्षात प्रवेश खपवण्यासाठी नेमलेली होती. ‘हमी’ हा शब्द तिच्या तोंडी सतत असे. करारपत्रात मात्र ‘नोकरी मिळवण्यासाठी साहाय्य’ एवढेच छापलेले होते, आणि ते साहाय्य म्हणजे कोणालाही वाचता येतील अशा जाहिरातींची यादी निघाली. शुल्काची पावती ‘नोंदणी व अभ्याससाहित्य’ या नावाने देण्यात आली. हा निव्वळ कारकुनी तपशील नव्हता, कारण नोंदणी व साहित्याची रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही, अशी अट त्याच करारात होती. शिकवण्याचे शुल्क म्हणून कागदोपत्री आम्ही काहीच भरलेले नव्हते!

शिकवणीचा दर्जा तर त्याहून बोलका होता. रुग्णनोंदणी, दाखल रुग्णांची कागदपत्रे, विम्याची पूर्वमंजुरी, डिस्चार्ज समरी आणि बिल यांचा एकमेकांशी संबंध कसा असतो, हे या कामाचे मर्म. पण आमच्याकडून एका नमुना सॉफ्टवेअरमध्ये काल्पनिक नावे टंकून घेण्यापलीकडे फारसे काही झाले नाही. मेडिकल कोडिंगच्या, म्हणजे आजारांना ठरावीक संकेतांक देण्याच्या कामाच्या, छायाप्रतींमध्ये मधुमेहाचा संकेत २५० असा दिला होता. तो आयसीडी या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या नवव्या आवृत्तीतला आहे. दहाव्या आवृत्तीत मधुमेहाचे संकेत ‘ई’ या अक्षराने सुरू होतात, ती आवृत्ती जागतिक आरोग्य सभेने १९९० मध्येच स्वीकारली, आणि अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. त्यामुळे प्रवेशापूर्वी टिपणे पाहायला मागावीत आणि त्यांत कोणती आवृत्ती आहे, एवढे तरी तपासावे.

प्रात्यक्षिक अनुभवासाठी संस्थेने ज्या रुग्णालयाच्या नावाने पत्र दिले, तेथील मनुष्यबळ विभागाने अशा संस्थेशी आपला कोणताही करार नसल्याचे सांगितले. रुग्णांच्या नोंदी गोपनीय असतात. लेखी करार आणि गोपनीयतेचे हमीपत्र नसताना कोणतेही जबाबदार रुग्णालय बाहेरच्या प्रशिक्षणार्थीला त्या हाताळू देणार नाही. संस्था रुग्णालयांची नावे सांगत असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी त्या रुग्णालयांच्या मनुष्यबळ किंवा वैद्यकीय अभिलेख विभागाला थेट विचारावे. प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते का, याचे उत्तरही तेथेच मिळते.

प्रमाणपत्र देताना एका पोचपावतीवर सही घेतली जाते. ‘प्रशिक्षण पूर्ण व समाधानकारक मिळाले’ हे वाक्य तिच्यात बारीक अक्षरांत होते, आणि शुल्क परत मागणाऱ्या प्रत्येकापुढे संस्थेने तोच कागद ठेवला. ज्यांनी ते वाक्य खोडून सही केली, त्यांच्या तक्रारींना मात्र संस्थेला अद्याप लेखी उत्तर देता आलेले नाही.