कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर जुने सुटे भाग पारखताना

ज्या कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला आहे तिची गाडी बाळगणाऱ्याला कुर्ला पश्चिमेचा सीएसटी रस्ता कधी ना कधी गाठावाच लागतो. शेव्हरोलेने २०१७च्या अखेरीस इथली विक्री थांबवली आणि फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. या गाड्यांचे फिल्टर आणि ब्रेक पॅड अजून नवे मिळतात. पण हेडलाइट, दाराची काच वरखाली करणारी मोटर, मडगार्ड किंवा डायनॅमो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, हवा असला की अधिकृत केंद्राकडून ‘मागवून बघतो’ एवढेच उत्तर येते. माझ्याकडे शेव्हरोलेची बीट डिझेल आहे. त्यामुळे कुर्ल्याहून कालिन्याकडे जाणाऱ्या या रस्त्यावरच्या आणि त्याच्या गल्ल्यांतल्या दुकानांशी गेली काही वर्षे माझा संबंध येतो, आणि त्या आधारावर हे परीक्षण लिहीत आहे.

माल भरपूर आहे, याबद्दल वाद नाही. भाव पहिल्यांदा सांगितला जातो तो घ्यायचा नसतो, हेही सर्वांना ठाऊक असते. खरी अडचण हमीची आहे. इथे मिळते ती केवळ ‘टेस्टिंग गॅरंटी’, म्हणजे भाग गाडीला बसवून चालला नाही तर ठरलेल्या मुदतीत बदलून मिळेल, पैसे परत मिळणार नाहीत, आणि बसवण्या-उतरवण्याची मजुरी तर तुमचीच. म्हणून या बाजारात भागाची पारख हे दुकानदाराचे नव्हे, गिऱ्हाइकाचे काम आहे. माझे मत असे की ज्या भागाची झीज डोळ्यांना दिसते किंवा हाताला जाणवते तो भाग इथून निःशंक घ्यावा, आणि ज्याची झीज आत दडलेली असते तो कितीही स्वस्त मिळाला तरी दोनदा विचार करावा.

या कसोटीवर बॉडीचे भाग आणि दिवे सर्वांत वर येतात. दरवाजा किंवा बॉनेट घेताना रंगाकडे बघू नये, कारण रंग आपल्याला तसाही मारायचाच असतो. बघायच्या त्या आतल्या कडा, बिजागऱ्यांच्या जागा आणि खालच्या दुमडीतला गंज. खिशातले लहानसे लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते धड चिकटत नाही तिथे खाली पुट्टीचा थर आहे असे समजावे. हेडलाइटची पिवळी पडलेली काच घासून उजळता येते, पण आतल्या परावर्तकाची चकाकी गेली असेल तर तो दिवा निरुपयोगी होतो, आणि मागचे प्लास्टिकचे कान तुटलेले असतील तर तो नीट बसत नाही. हे कान गोंदाने जोडून विकायची पद्धत इथे आहे, त्यामुळे दिवा हातात घेऊन प्रत्येक कान हलवून बघावा. दुकानदाराला राग येत नाही. येत असेल तर पुढच्या दुकानात जावे, पुढचे दुकान दोन पावलांवरच असते.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा माल हा मात्र वेगळा आणि गंभीर विषय आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीकाठचा हाच परिसर पाण्याखाली गेला, हे मुंबईकराला सांगायला नको. पण त्यानंतरही देशात कुठे ना कुठे पूर येतो, विमा कंपन्या बुडालेल्या गाड्या निकाली काढतात आणि त्यांचे भाग अशा बाजारांत पोचतात. पत्रा धुतला की स्वच्छ दिसतो. वायरिंगच्या जोडणीच्या खाचा, बल्बच्या होल्डरचा तळ आणि काचेच्या मोटरचे आवरण मात्र कोणी धूत नाही. तिथे बारीक मातीचा थर किंवा तांब्यावर चढलेला हिरवट गंज दिसला, तर तो विजेचा भाग आज चालतो आहे म्हणून उद्या चालेलच असे नाही.

डायनॅमो आणि सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, हे दोन भाग या बाजारात सर्वाधिक विकले जात असावेत आणि फसगतही त्यांतच जास्त होते. एका दुकानात मला सगळेच डायनॅमो ताज्या चंदेरी रंगात न्हालेले दिसले. अशा मालापेक्षा धुळकट, वायरचा तुकडा जोडणीसकट तसाच लोंबत असलेला डायनॅमो मला अधिक विश्वासाचा वाटतो, कारण तो थेट गाडीतून निघालेला असण्याची शक्यता जास्त असते आणि जोडणीही फुकट मिळते. त्याची पुली हाताने फिरवून बेअरिंगची खरखर ऐकावी, शाफ्ट वरखाली हलवून खेळ किती आहे ते बघावे. मागचे झाकण उघडू दिले तर कार्बन ब्रश किती उरले आहेत आणि ते ज्या कड्यांवर घासतात त्यांना चर पडले आहेत का, हे तपासावे. काही डिझेल गाड्यांत पुली एकाच दिशेने मोकळी फिरते. ती दोन्हीकडे मोकळी फिरत असेल किंवा दोन्हीकडे अडकत असेल तर पुली संपली आहे. गाडीला बसवल्यावर हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. सेल्फ मात्र दुकानात बॅटरीला जोडून फिरवून दाखवतात तेव्हा तो मोकळा फिरत असतो. इंजिनाचा भार पडल्यावर तो काय करील हे त्यातून कळत नाही, म्हणून निदान त्याच्या दातऱ्याचे दात झिजलेले किंवा तुटलेले नाहीत एवढी खात्री करावी.

भागावरचा क्रमांक जुळवणे याला पर्याय नाही. फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसत होते, त्यामुळे ‘चालून जाईल’ हे वाक्य इथे फार ऐकू येते. कधी खरोखरच चालते, पण ब्रॅकेट किंवा जोडणी निराळी निघाली की मेकॅनिक जुगाड करतो आणि तो जुगाड पुढच्या पावसाळ्यात रस्त्यात उभे करतो.

एक्सलचे रबरी बूट फाटलेले असेल तर तो एक्सल लगेच बाजूला ठेवावा. एसी कॉम्प्रेसर तोंडे उघडी ठेवून शेल्फवर पडलेला असेल तर त्यात हवेतला दमटपणा शिरलेला असतो, आणि आतले तेल काळे, चमचमत्या कणांचे निघाले तर तो फुकटही नको. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीएम, क्रमांक जुळूनही अनेकदा चालत नाही, कारण तो मूळ गाडीच्या चावीशी बांधलेला असतो. चावीचा संच सोबत मिळत नसेल तर त्यात पडू नये.

एअरबॅग, सीटबेल्ट, ब्रेकचे पॅड आणि टायमिंग बेल्ट जुने घेऊच नयेत. जुना टायर घ्यायचाच झाला तर त्याच्या बाजूवरील शेवटचे चार अंक वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा खोल दिसत असूनही बाजूच्या रबराला बारीक तडे गेलेले असतील तर तो नाकारावा.

शेवटी बिलाचा प्रश्न. बहुतेक दुकाने कच्ची चिठ्ठीच देतात, आणि स्वस्तातल्या सायलेन्सरच्या बाबतीत हे विशेष धोक्याचे आहे, कारण त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधील मौल्यवान धातूंसाठी मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रातही पकडल्या गेल्या आहेत. चोरीचा माल आहे असे मानायला कारण असताना तो घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७नुसार गुन्हा आहे. अख्खे इंजिन घेणाऱ्याने तर पक्के बिल आणि ज्या गाडीतून ते निघाले तिची कागदपत्रे मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण इंजिन क्रमांक आरसी पुस्तकावर असतो आणि बदललेल्या इंजिनाची नोंद आरटीओत करून घ्यावी लागते. कागदपत्रांचे नाव काढताच आवाज बदलणारी दुकाने इथे आहेत, तशी फाइल काढून समोर ठेवणारीही आहेत. दुसऱ्या प्रकारची दुकाने थोडी महाग पडतात आणि मी आता तिथेच जातो.