तालुक्याला महिन्यातून एकदा येणारे मनोविकार पथक : दोन वर्षांचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला एकविसाव्या वर्षी बायपोलर विकाराचे, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी आणणाऱ्या आजाराचे निदान झाले. त्याआधीचे आठ महिने ‘बाहेरचे काहीतरी आहे’ या समजुतीपायी देवऋषाच्या उंबऱ्यावर गेले. आशाताईंनी आग्रह धरला, तेव्हा कुठे आम्ही तालुक्याच्या रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक महिन्यातून एकदा येते, तेथे पोहोचलो.

मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियमच्या गोळ्या सुरू करताना पथकातील समाजसेवकांनी पहिला प्रश्न विचारला तो भाऊ दिवसभर काय काम करतो, हा. तो उन्हात कांदा काढायला जातो हे कळल्यावर, घामावाटे पाणी आणि मीठ कमी झाले की रक्तातील लिथियम वाढते, हात फार थरथरू लागले, जुलाब झाले किंवा तोल जाऊ लागला तर लगेच दवाखाना गाठावा, आणि अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नये, हे त्यांनी आईला समजेल अशा भाषेत सांगितले. यापूर्वी ज्या खासगी डॉक्टरांना आम्ही भरपूर फी दिली, त्यांनी हे विचारलेही नव्हते.

लिथियमची रक्ततपासणी मात्र तालुक्यात होत नाही. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचे असल्याने रात्री नऊची गोळी घेऊन सकाळच्या पहिल्या एसटीने जिल्ह्याला जावे लागते आणि त्या दिवसाचा रोज बुडतो.

सर्वांत मोठी उणीव आडोशाची. पथक लसीकरणाच्या खोलीशेजारी बसते आणि ‘मनोविकारवाले या’ अशी हाक सगळ्या व्हरांड्यात ऐकू जाते. तेविशीच्या, स्थळे येऊ लागलेल्या मुलाने त्या हाकेला कसे उठावे? दोनदा तो चहाच्या टपरीवरच थांबला आणि केसपेपर घेऊन मीच आत गेलो. डॉक्टरांनी त्याला न पाहता गोळ्या बदलण्यास नकार दिला, ते योग्यच होते.

मधल्या दिवसांत आधार मिळाला तो टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या या सेवेचा 14416 हा क्रमांक निःशुल्क असून तेथे मराठीतून बोलता येते. भाऊ सलग तीन रात्री झोपला नव्हता तेव्हा समुपदेशकांनी त्याच्याशी शांतपणे बोलून पथकाच्या दिवसाची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयात नेण्यास सांगितले. आमच्या घरात रेंज नसल्याने तो फोन गोठ्याच्या पत्र्यावर चढून केला होता.