जुन्या गोठ्यातला मुक्काम: वरची खोली मागा

जुन्या गोठ्यात राहायची सोय केलीये म्हटलं की मी आधी भिंती बघते. बावीस वर्षं बांधकामांवर देखरेख केली, सवय जात नाही. आत शिरल्या शिरल्या नखाने गिलावा खरवडला. चुन्याचा निघाला, तेव्हा कुठे बॅग खाली ठेवली.

दोन फुटी दगडमातीची भिंत ओल शोषते आणि हवेत सोडून देते. वरून सिमेंट थापलं की ओलीची वाट बंद. मग ती आतल्या आत चढते आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोकं कुजवते. लाकडात 20 टक्क्यांहून जास्त ओल टिकली की बुरशीला रान मोकळं. इथली टोकं मी (मालकांची पाठ वळल्यावर) खिळ्याने टोचून पाहिली. ठणठणीत! एका तुळईला नवा तुकडा सांधलाय, पण जुना भासावा म्हणून त्याला काळं फासलेलं नाही. जुन्या वास्तू जपण्याची तत्त्वं सांगणाऱ्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत हेच आहे: नवा भाग मुळाशी जुळावा, तरी नवा म्हणून ओळखू यावा.

माळ्यावरची खोली तर फारच छान. चारा ओला राहिला तर आपोआप तापतो, पेटूही शकतो, म्हणून भिंतीत अरुंद झरोके ठेवलेले असत. ते मोठे करून खिडक्या काढायचा मोह इथे आवरलाय, फक्त आतून उघडझाप होणारी काच बसवलीये. सकाळी जमिनीवर उन्हाच्या पट्ट्या पडतात. उजेड कमी, हे खरं. वाचायला दिवा लागतो. जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. जाड भिंतींमुळे मोबाइलला रेंज नाही.

खालच्या खोलीत दगडी गव्हाण जागेवर आहे. तिच्या काठावर माना घासून गुळगुळीत खळगे पडलेत. बहिणीने सात मोजले, मी साडेसात. आठवा अर्धा न्हाणीघराच्या भिंतीखाली गडप झालाय.

आणि घोळ नेमका तिथेच. जुन्या भिंतीला लागूनच शॉवर, वर सिमेंटचा गिलावा. हातभर उंचीपर्यंत पोपडे सुटलेत, पांढरा लोणा फुललाय, रात्री कुबट वास येतो. न्हाणीघर भिंतीपासून सुटं, खोलीच्या मध्ये उभारलं असतं तर गव्हाणही वाचली असती.

मालकांना हे सांगितलं. "रंग दिला की होईल," म्हणाले. नाही होणार. सिमेंट काढा, भिंत नीट वाळू द्या, मग एक भाग चुना, तीन भाग वाळू, पातळ थर, घाई नाही, असं कागदावर लिहून दिलं. त्यांनी घडी करून खिशात घातला. माझ्यानंतर कुणी गेलात तर न्हाणीघरात डोकावून कळवा.